तातडीच्या वेळी कोणाला कळवावे

सोमवार, ३

मॅडम म्हणाल्या, एक वही ठेवा. मला दाखवू नका, मी मागणारही नाही. माझ्यासमोर बोलायला लाज वाटेल ते तिथे लिहा. मी म्हटलं, लाज वाटण्यासारखं मी काही करत नाही. त्यावर त्या नुसत्या हसल्या. म्हणजे वही ठेवणं आलं.

तर परिस्थिती अशी. समुपदेशन केंद्रात मला खोली मिळून पाच आठवडे झाले. पहिल्या भेटीला सहा माणसं आली. दुसऱ्या भेटीला एकही नाही. उमेदवारी तीन महिन्यांची आहे. ती संपली की मॅडम ठरवणार, मला कायम ठेवायचं की नारळ द्यायचा. बावीस वर्षं विमा कंपनीत दावे तपासले. कोणाची गाडी खरंच आपटली आणि कोणी स्वतः भिंतीवर घातली, ते मी पत्र्याकडे बघून सांगायचो. मग नोकरी सोडली, दोन वर्षं अभ्यास केला, पोराटोरांच्या बाकावर बसून परीक्षा दिल्या. चोपन्नाव्या वर्षी नापास झालो तर तोंड कुठे लपवू?

बायको म्हणते, माणसं परत येत नाहीत यात नवल ते काय. "आपण पहिल्यांदा भेटलो तेव्हा मी म्हटलं बसने आले, तर तुम्ही विचारलंत, कुठल्या बसने? आणि मी नंबर सांगितल्यावर म्हणालात, ती बस इकडे येत नाही."

येत नव्हतीच ती बस. चुकीचा नंबर सांगितला होता तिने.

पहिल्या भेटीबद्दल मॅडमनी आज पुन्हा सांगितलं. पहिल्या भेटीत आपण काही शोधून काढायचं नसतं. इथलं बोलणं इथेच राहील हे सांगायचं, ते कधी राहू शकणार नाही हेही सांगायचं, आणि मग ऐकायचं. माणसाला पुन्हा यावंसं वाटलं की झालं. फक्त एक प्रश्न काही झालं तरी विचारायचाच: जीव द्यावासा वाटतो का? आडवळणाने नाही, सरळ. विचारल्यामुळे कोणाच्या डोक्यात नवा विचार शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. मी हे सगळं लिहून घेतलं. सहाही जणांना विचारलंही होतं. सहाही जण नाही म्हणाले आणि परत आले नाहीत.

गुरुवार, ६

दुपारी चहाच्या वेळी मॅडम सहज म्हणाल्या, "तुमचं काम मला जरा जवळून बघायचंय." मी विचारलं, केव्हा? म्हणाल्या, बघू, येत्या काही दिवसांत.

माझ्या मनात पाल चुकचुकली. जवळून म्हणजे कसं? दार तर बंद असतं.

विमा कंपनीत असताना मीच गिऱ्हाईक बनून गॅरेजमध्ये जायचो. डोक्याला टोपी, हातात खोटी किल्ली. "दादा, जरा बिल वाढवून देता का?" असं विचारायचं आणि तो हो म्हणाला की नोंद करायची. अकरा गॅरेज बंद पाडली अशी. तेव्हा ही युक्ती मला कोणी शिकवायला नको. मॅडम कोणालातरी गिऱ्हाईक बनवून माझ्यासमोर बसवणार. आता डोळ्यात तेल घालून राहायला हवं.

सोमवार, १०

आली. माझी खात्री आहे.

भेट साडेतीनची होती. चौकशीच्या खिडकीवर बसणाऱ्या ताई म्हणाल्या की बाई पावणेतीनपासून जिन्यात बसून आहेत. इतक्या लवकर कोण येतं? जिन्यातून माझ्या खोलीचं दार नीट दिसतं.

वय पंचावन्नच्या आसपास. खांद्याला ही एवढी मोठी पिशवी. पिशवीची चेन अर्धवट उघडी होती, त्यातून टॉवेल दिसला, घडी घातलेली चादर दिसली आणि पाण्याच्या दोन बाटल्या. एकीला वाकवलेली नळी. एकट्या बाईला तासाभराच्या कामाला चादर कशाला लागते? पिशवीत आणखी काहीतरी होतं, नक्की. यापुढे यांना पिशवीवाल्या बाई म्हणतो.

खुर्ची खिडकीपाशी होती, लाकडी, जड. मला ती सरकवायला दोन हात लागतात. यांनी एका हाताने उचलून समोर ठेवली. फॉर्मवर व्यवसाय लिहिलाय, "घरीच". घरी बसणाऱ्या बाईचे दंड असे नसतात.

बोलायला लागल्या ते इतक्या मोठ्याने की शेजारच्या खोलीत ऐकू जावं. मी म्हटलं, "हळू बोललात तरी ऐकू येतं मला." "हो, हो, चुकलंच," म्हणाल्या, आवाज खाली आणला आणि दोन मिनिटांत पुन्हा तीच पट्टी. पिशवीत आवाज टिपणारं यंत्र असेल तर माणूस असाच बोलतो.

मग प्रश्न त्यांनीच विचारायला सुरुवात केली. तुम्ही रोज असता का? सुट्टीच्या दिवशी? तुम्ही नसलात तर कोण असतं? मधेच कोणाला यावंसं वाटलं तर चालतं का? मी सगळी उत्तरं नियमाप्रमाणे दिली. त्या मान हलवत होत्या, पाठ करत असल्यासारख्या.

आता फॉर्मबद्दल. बावीस वर्षं मी खाडाखोडीवर जगलो. "घरातील माणसे" या रकान्यात आधी २ लिहून खोडलंय आणि १ केलंय. तिथे पेन इतकं दाबलंय की कागद फाटायचा राहिलाय. बोलताना मात्र त्या म्हणाल्या, "आईला माझ्या हातचंच लागतं. दुसऱ्या कोणी भरवलं तर तोंड मिटून घेते."

मी लगेच पकडलं. म्हटलं, "आई तुमच्याबरोबर राहते का?"

"हो," म्हणाल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे... हो."

"फॉर्मवर तर एकच माणूस लिहिलंय."

त्यावर गप्प झाल्या. मी घड्याळ लावलं होतं, सात मिनिटं. मीही बोललो नाही. विसंगती दाखवल्यावर माणूस गप्प बसतो तेव्हा आपण बोलायचं नसतं, हे मला कोणी शिकवायला नको. त्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत बसल्या होत्या.

बरोबर चार वाजता ताडकन उठल्या. दाराकडे तीन पावलं गेल्या, तिथेच उभ्या राहिल्या, मग परत येऊन बसल्या. "सवय," म्हणाल्या. कसली सवय ते सांगितलं नाही. बाहेर कोणाला खूण केली की काय ते बघायला मी नंतर जिन्यात डोकावलो. कोणी नव्हतं.

आणि निघताना, दाराच्या कडीवर हात ठेवून, अगदी सहज: "जुन्या गोळ्यांचं काय करतात हो लोक? खूप उरल्यात. डबा भरलाय."

हा गळ होता. प्रशिक्षणाच्या पुस्तकात जसाच्या तसा आहे, की माणूस महत्त्वाचं बोलणं दारात उभं राहून बोलतो. आपण घाबरतो का ते बघायचं होतं. मी काही गळाला लागलो नाही. शांतपणे म्हटलं, "औषधाच्या दुकानात विचारून बघा." त्या म्हणाल्या, "बरं, विचारते."

तो एक प्रश्न विचारायचा राहिला. खरं लिहायचं तर राहिला नाही, मी विचारला नाही. खोट्या माणसाला तो प्रश्न विचारायचा आणि त्याने मनातल्या मनात गुण द्यायचे, याला माझी तयारी नव्हती. गॅरेजवाल्यांना कसं वाटत असेल ते आज कळलं.

मंगळवार, ११

रात्री झोप नीट लागली नाही. सकाळी केंद्रात आल्याआल्या फॉर्म पुन्हा काढला.

शेवटचा रकाना: तातडीच्या वेळी कोणाला कळवावे. नाव लिहिलेलं नाही. नातं: "ओळखीचे". पुढे फोन नंबर, सुवाच्य अक्षरात, एकही खाडाखोड नाही. अख्ख्या फॉर्ममध्ये हीच एक ओळ न अडखळता लिहिलेली आहे. बनावट दाव्यात असंच असतं, खरी माहिती अडखळत येते आणि खोटी गुळगुळीत.

हा नंबर फक्त जिवावर बेतलं तरच लावायचा असतो. मला माहीत आहे. मी तो लावला. माझ्या स्वतःच्या फोनवरून, दार लावून. म्हटलं, मॅडमच्या ओळखीचं कोणीतरी उचलेल, एकदाचा सोक्षमोक्ष होईल.

माझ्या टेबलाच्या खणात फोन वाजला.

केंद्राने या खोलीसाठी दिलेला फोन. महिनाभर झाला, त्याचा नंबर अजून मला पाठ नाही. तो माझ्या कार्डावर छापलाय आणि कार्ड खिडकीवर ठेवलेलं असतं. मी खण उघडला, वाजणारा फोन हातात घेतला आणि दोन्ही फोन धरून उभा राहिलो. दोन्ही मीच बंद केले.

सरळ सापळा आहे. मी नंबर तपासून नियम मोडतो का ते बघायला माझाच नंबर लिहिला. आणि मी सापडलो. आता माझ्या फोनवर नोंद राहिली असणार. ती पुसली. मग वाटलं, पुसल्याचीही नोंद राहत असेल.

शुक्रवार, १४

खिडकीवरच्या ताईंना आडून आडून विचारलं, सोमवारच्या त्या बाई कोणाच्या ओळखीने आल्या? ताई म्हणाल्या, "ओळख कसली, बाहेरचा फलक वाचून आल्या. फॉर्म भरायला अर्धा तास लावला. शेवटचा रकाना कोराच ठेवत होत्या. मी म्हटलं, बाई, तो भरल्याशिवाय मला फॉर्म घेता येत नाही. मग बराच वेळ उभ्या राहिल्या आणि भरला."

ताईही सामील आहेत की त्यांनाही फसवलंय? मॅडम आज जिन्यात भेटल्या, नेहमीपेक्षा जास्त हसल्या.

बायकोला सगळं सांगितलं, म्हणजे नाव-गाव न सांगता. ती कपडे घडी करत होती. तिने विचारलं, "आणि ती खरीच असली तर?" मी म्हटलं, पुरावे बघ. ती म्हणाली, "मी पुरावे नाही विचारले." तिला या क्षेत्रातलं काही कळत नाही.

सोमवार, १७

पिशवीवाल्या बाई परत आल्या. सात आठवडे ज्याची वाट बघितली ते झालं, दुसऱ्या भेटीला माणूस आलं. आणि मला तसूभरही आनंद झाला नाही. तपासायला आलेला माणूस दोनदा येणारच.

आज पिशवी नव्हती. हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं. बसल्या आणि म्हणाल्या, "मागच्या वेळी मी नीट नाही सांगितलं. आज ठरवून आलेय." म्हणजे आज दुसरा गळ. मी त्यांना तिथेच थांबवलं. फॉर्म टेबलावर ठेवला आणि नंबरवर बोट ठेवलं.

"हा कोणाचा?"

त्यांनी फॉर्मकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तुमचा."

"का?"

"त्या ताई म्हणाल्या, कोरा चालत नाही. मला कोणाचा सुचेना. समोर कार्ड होतं." मग एकदम विचारलं, "तुम्ही लावून बघितलात?"

"आम्हाला तपासावं लागतं," मी म्हटलं. हे खोटं आहे.

"नातं ओळखीचे असं लिहिलंय," मी म्हटलं. "तेव्हा आपण भेटलोही नव्हतो."

"नव्हतो," त्या म्हणाल्या. "पण भेटणार होतो ना. म्हटलं होईल ओळख."

मी खुर्चीत पुढे सरकलो. दावा फेटाळायच्या आधी मी असाच पुढे सरकायचो. "हे बघा, मला माहीत आहे. तुम्हाला कोणी पाठवलं ते सांगून टाका, म्हणजे दोघांचाही वेळ वाचेल."

"मला?" त्या म्हणाल्या. "मला कोण पाठवणार?"

आवाज चढवला नाही, उलट एवढा खाली गेला की मला कान द्यावे लागले. मग उठल्या, खुर्ची उचलून परत खिडकीपाशी ठेवली. "तुम्ही बारीक बघता," म्हणाल्या. "चांगलं आहे." आणि गेल्या. चारला दहा कमी होती.

पितळ उघडं पडल्यावर माणूस असाच निघून जातो. उद्या मॅडमना सांगणार, की तुमची बाई मी ओळखली. तरी घरी येताना दोनदा वाट चुकलो. ज्या रस्त्याने रोज येतो त्या रस्त्यावर.

मंगळवार, १८

सगळं क्रमाने लिहितो.

दुपारी अडीचला मॅडमच्या खोलीत गेलो आणि सांगितलं. थोडा ऐटीतच सांगितलं. त्या चहा पीत होत्या. शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मी कोणालाच पाठवलं नाही. असं आपण कधीच करत नाही. जवळून बघायचं म्हणजे तुम्हाला विचारून, समोरच्याला विचारून, मी खोलीत बसणार होते."

मी म्हटलं, मग तो नंबर?

त्यांनी फॉर्म मागितला आणि वाचला. खोडलेल्या दोनावर बराच वेळ थांबल्या. "आई कधी वारली?"

"वारली?" मी म्हटलं. "आईबद्दल तर त्या..." आणि तिथेच थांबलो. नळीची बाटली, चादर, जड खुर्ची उचलणारे हात, बहिऱ्या माणसाशी बोलावं तसा आवाज. एकेक वस्तू मी बरोबर टिपली होती. सगळ्यांचा अर्थ उलटा लावला होता.

"जीव द्यावासा वाटतो का, विचारलंत?"

"नाही."

"कशाबद्दल काही बोलल्या?"

"गोळ्या," मी म्हटलं. "डबाभर उरल्यात म्हणाल्या."

मॅडमनी कप खाली ठेवला आणि उठल्या. त्यांच्या फोनवरून बाईंचा नंबर लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. पुन्हा. खिडकीवरच्या ताई फॉर्म हातात घेऊन म्हणाल्या, "मग तातडीच्या नंबरवर कळवूया का?" आम्ही दोघांनी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनीही तो नंबर बघितला आणि खाली बसल्या.

तातडीची वेळ आली होती आणि कळवायचं होतं ते मला. मॅडम ताईंना म्हणाल्या, आम्ही पोचून फोन करतो, वीस मिनिटांत नाही आला तर रुग्णवाहिका त्या पत्त्यावर पाठवा. आम्ही रिक्षा केली. वाटेत मॅडम एकदाही रागावल्या नाहीत, ते फार जड गेलं. मी म्हटलं, मी बाहेर थांबतो, तुम्ही बोला. त्या म्हणाल्या, "राहिलेला प्रश्न तुमचा आहे. तुम्हीच विचारायचा. मी शेजारी असेन."

दुसरा मजला. घंटा वाजवली. काही नाही. पुन्हा वाजवली. त्या काही क्षणांत मी काय कबूल केलं असतं आणि काय दिलं असतं, ते लिहीत नाही.

दार उघडलं. बाईच होत्या. अंगावर कालचेच कपडे. फोन कुठे आहे विचारलं तर म्हणाल्या, असेल कुठेतरी, लावणारं कोणी नाही म्हणून बघत नाही. माझा जीव भांड्यात पडला, पण पूर्ण नाही. मॅडमनी तिथूनच ताईंना फोन केला. आम्ही आत यायचं का विचारलं, त्या बाजूला झाल्या.

एकच खोली आणि स्वयंपाकघर. मध्ये कठडा असलेली लोखंडी खाट, गादी गुंडाळून ठेवलेली. भिंतीवर हाताने आखलेला तक्ता: सहा, आठ, दहा, बारा, दोन, चार. प्रत्येक आकड्यापुढे "कूस बदलणे". चारपुढे "कूस, गोळी, पाणी". तक्त्याचा कागद कडांना पिवळा पडला होता. अठरा वर्षं, त्या म्हणाल्या. आई गेल्याला अडीच महिने झाले. स्टुलावर गोळ्यांचा डबा होता, झाकण उघडं. त्या म्हणाल्या, दुकानात विचारलं, ते परत घेत नाहीत.

मॅडम दाराजवळ उभ्या राहिल्या. मी जमिनीवर बसलो, कारण खाटेवर बसावंसं वाटेना. सांगितलं की मी काल खोटं बोललो. तपासावं लागत नाही. तुम्ही लिहिलेला नंबर लावून बघायचा मला काही अधिकार नव्हता, आणि तुम्हाला कोणी पाठवलं असं विचारायचाही नव्हता. माझं चुकलं.

त्या म्हणाल्या, "मला वाटलं माझंच काहीतरी खोटं दिसत असेल. आई गेल्यावर रडलेही नाही मी."

मग मी विचारलं. सरळ. जीव द्यावासा वाटतो का?

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "हे फॉर्मसाठी विचारताय?"

"नाही."

"मग पहिल्या दिवशी का नाही विचारलंत?"

"तुमच्यावर संशय होता."

"आणि आज?"

"आज माझ्यावर आहे," मी म्हटलं.

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजले होते. त्या उठल्या नाहीत. "वाटतं," त्या म्हणाल्या. "रोज, याच वेळेला."

मॅडमनी विचारलं, हा डबा आज आम्ही घेऊन गेलो तर चालेल का? त्यांनी स्वतः झाकण लावून तो मॅडमच्या हातात दिला. उद्या सकाळी डॉक्टरांकडे मॅडम बरोबर जाणार आहेत, आज रात्री ताई सोबतीला येणार आहेत, हे सगळं बाईंना विचारून ठरलं. पुढे त्यांना माझ्याकडे यायचं की मॅडमकडे, हेही त्याच ठरवतील. माझ्या उमेदवारीचं काय ते मॅडमनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

मग मॅडम फोन करायला जिन्यात गेल्या आणि पिशवीवाल्या बाई, ज्यांना असं म्हणणं मी आजपासून बंद करतो, माझ्यासमोर जमिनीवर येऊन बसल्या आणि बोलायला लागल्या. तासभर बोलल्या. त्यातला एकही शब्द मी इथे लिहिणार नाही, आणि एकही तपासून बघणार नाही.